परतीचा दम

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
एक पोरगेला तंत्रज्ञ माझ्या नाकाला चिमटा लावतो,
तोंडात पुठ्ठ्याची नळी देतो
आणि ओरडतो :
फुंका आजी, फुंका फुंका फुंका,
अजून, अजून, सोडू नका!

बिल्ल्यावर नाव वाचलं. अल्ताफ.
त्याला काय माहीत,
दम सोडू नको म्हणून ओरडणारं अख्खं मैदान
मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकून बसलेय.

इस्लामपूर, पंच्याहत्तर साल.
चुन्याच्या रेघा, फुसफुसणाऱ्या गॅसबत्त्या,
गळ्यात शिट्टी अडकवलेले घोरपडे सर,
बाजारातनं परतणाऱ्या बाया पाटी डोक्यावरच ठेवून थांबलेल्या
आणि मी, विजयमाला आण्णा चौगुले,
भावाची अर्धी चड्डी घालून
एका दमात पलीकडे.
कबड्डी कबड्डी कबड्डी.
शब्द तुटला की गडी बाद.
श्वास घ्यायचा नाही, एवढंच तेव्हा शिकले होते.

यंत्रातनं कागद आला.
एक पूर्णांक चार लिटर.
म्हटलं, एवढं तर आमची म्हैस
लाथ मारता मारता देते.
अल्ताफ हसला, आणि लगेच
हसायला नको होतं असा चेहरा करून
नळी टोपलीत टाकली.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
जुना फुगा कसा असतो? फुगतो,
पण आपणहून मिटत नाही.
तसंच झालंय. हवा जाते आत, सगळी बाहेर येत नाही.
बरगड्या ताठरल्यात.
हृदयाची भिंत जराशी जाड,
आणि झडपेवर थोडा चुना बसलाय.

चुना म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही.
माझ्याही नकळत आत कुणीतरी
रेघ मारून ठेवली होती.

"पूर्वी पळताना ठोके दोनशेला जात असतील,
आता दीडशेपर्यंत पोचले तरी खूप.
आजार म्हणू नका याला, वय म्हणा.
रोज चाला. जिना चढताना घाई नको."
बरं, म्हटलं.
आणि शिळी हवा आतच राहते म्हणता, ती कधीची असते हो?
बाई हसल्या. मला खरंच विचारायचं होतं.

कारण शहात्तरच्या अंतिम सामन्याची थोडी तरी असेल.
कऱ्हाडच्या मुमताज मुजावरनं घोटा धरला होता,
रेघ तीन बोटं लांब,
तोंडात माती, तिच्या हाताला घाम,
आणि शब्द गळ्यातच फाटला.
सर रागावले नाहीत. पाणी देत म्हणाले,
दोन गडी शिवलेस पोरी,
पण परतीचा दम कुठं ठेवला होतास?

स्टँडवर आले तर इस्लामपूर गाडी निघालेली.
कंडक्टरनं घंटी मारली
आणि मला न विचारता पाय सुटले.
दहा पावलं.
मग छातीत एक ठोका जास्तीचा पडला,
ताटात न मागता पडलेल्या भाकरीसारखा.
थांबले.
गाडी धूर सोडून गेली. जाऊ दे.

बाकावर हळदीचं पोतं आणि त्याची मालकीण.
तिनं पोतं सरकवलं, मी टेकले.
पिवळ्या वासाचा श्वास घेतला,
सोडताना ओठ आवळून, बाईंनी दाखवला तसा,
चुलीला फुंकर घालावी तसा, हळू.

तेवढ्यात मुमताजचा फोन.
माझा घोटा सोडून तिला पन्नास वर्षं झाली,
मला काही तिनं सोडलं नाही.
"किती आली गं?"
"एक पूर्णांक चार."
"माझी एक दोन होती दिवाळीत.
जिंकलीस की, मेले!"

हसलो दोघी. हसता हसता दम तुटला.
मग बराच वेळ फोनवर
नुसता श्वास ऐकू येत होता,
तिचा की माझा, ते काही कळेना.